बाबा पहाटे बूट घालून बसतात : घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय काम द्यावं?

रामबागची_सून | १५ एप्रिल २०२०, सकाळी ७.१०

काल टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचं ऐकलं आणि मला आधी माझ्या सासऱ्यांचं तोंड दिसलं. वय ७९. गेली वीस-बावीस वर्षं पहाटे साडेपाचला निघायचे, इथल्या, म्हणजे इंदूरच्या, नेहरू पार्कात दोन चकरा, मग तीन मित्रांसोबत ठेल्यावर पोहे, येताना पेपर आणि कोथिंबीर. साडेआठला घरी. त्यांचा सगळा दिवस त्या तीन तासांवर उभा होता.

आता २५ मार्चपासून, म्हणजे पाडव्यापासून, दार बंद. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लागलंय. तरी बाबा रोज पहाटे उठतात, अंघोळ करतात, पांढरे बूट घालतात, नाड्या बांधतात आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहतात. आठ वाजले की बूट काढून जागेवर ठेवतात. बोलत काहीच नाहीत. परवा मी विचारलं, "बाबा, बूट कशाला घालता?" तर म्हणाले, "सवय मोडली तर पुन्हा लागायची नाही."

मला तेव्हापासून चैन नाही. ‘सकारात्मक राहा’चे मेसेज रोज पन्नास येतात. बाबांना ते वाचून दाखवू? घरात बसून काय करता येईल, तेही ज्यांना मोबाइल नीट वापरता येत नाही आणि ज्यांची नजर कमी झालीय अशा माणसाला, ते सांगा. तुमच्याकडे काय चालू आहे तेही लिहा.

ओटल्यावरचा | सकाळी ७.४२

ताई, बूट घालू द्या. अजिबात थांबवू नका. फक्त खुर्चीतून उठवून गच्चीवर न्या. आमची गच्ची ३० फूट लांब आहे. आई रोज शंभर फेऱ्या मारते. हिशेब केला तर ३००० फूट, म्हणजे ९०० मीटरच्या वर झाले. सुरुवातीला दहा फेऱ्यांत दमायची. मोजायला तिने वाटीत शंभर चिंचोके घेतले, एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. आता पाऊस आला तरी चालेन म्हणते.

बडोद्याची_मावशी | सकाळी ८.०५

आमच्याकडे दूरदर्शनवर रामायण सकाळी नऊला आणि रात्री नऊला. २८ मार्चला सुरू झालं तेव्हापासून सासूबाई आठलाच देवपूजा उरकतात. तुमच्या बाबांना दाखवा की.

रामबागची_सून | सकाळी ८.३०

मावशी, लावते हो. बाबा बघतात, पण संपलं की पुन्हा दाराकडे तोंड. दादा, गच्चीची कल्पना चांगली आहे. आमच्याकडे जिना अरुंद आहे, त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण कठड्याला धरून एकदा चढवून बघते.

जीरावन | सकाळी ९.१५

मूळ दुखणं पोह्यांचं आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. घरचे कांदेपोहे आणि ठेल्यावरचे पोहे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ठेल्यावर ते फोडणीत परतून कोरडे करत नाहीत. खाली पातेल्यात पाणी उकळत असतं आणि वर पोहे वाफेवर राहतात, म्हणून दहा वाजताही मऊ असतात.

घरी असं करा. जाडे पोहे चाळणीत धुवा, पंधरा मिनिटं निथळू द्या, मग मीठ, साखर, हळद हातानेच लावा. फोडणी थोड्या तेलाची : मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची. बडीशेप विसरलात तर इंदूर विसरलात. पोहे घालून हलवा आणि ती कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण घालून ठेवा. वरून कच्चा कांदा, सेव, जीरावन मसाला, लिंबू. बाबांना बूट घातलेले असतानाच खुर्चीत द्या. कागदावर द्या, ताटलीत नको.

पूर्वी_इंदूरचा_आता_पुणेकर | सकाळी ९.३१

"बडीशेप विसरलात तर इंदूर विसरलात" वाचून डोळ्यांत पाणी आलं. इथे चौथ्या मजल्यावर एकटा आहे. आई-बाबा सुदामा नगरला. शेवेचं शेवटचं पाकीट ६ एप्रिललाच संपलं.

कुरडई | सकाळी ११.००

कांदा घालायचाच असेल तर फोडणीत घाला, आमच्या घरात कच्चा चालत नाही. असो, पोह्यांवर भांडायला वेळच वेळ आहे.

मला दिवस पुरत नाहीत, कारण हा वाळवणाचा महिना आहे. दर वर्षी शेजारच्या चौघी मिळून करायचो, या वर्षी मी, नवरा आणि अकरावीतली मुलगी. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. नवऱ्याला पहिल्या दिवशी वास सहन होईना, तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, आता नीट आंबलेत. मग वाटून, पिळून चीक काढला, रात्रभर ठेवला, सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून टाकलं. चिकाइतकंच पाणी उकळून मीठ-हिंग घालून शिजवला आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर कुरडया घातल्या. चीक ढवळताना गुठळी होऊ नये म्हणून दोघांचे हात लागतात, एकटीने होत नाही. मुलीने पहिल्यांदा गरम चीक तूप घालून वाटीत खाल्ला आणि "हे तू इतकी वर्षं मला का दिलं नाहीस" म्हणून भांडली.

ताई, बाबांना वाळवणाच्या राखणीला बसवा. कावळे आणि खारी हाकलणं हे पूर्ण वेळेचं काम आहे.

केटरर_भिया | दुपारी १२.४०

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका, पण मला हा धागा वाचवत नाही.

माझा लग्नाच्या स्वयंपाकाचा धंदा. २६ एप्रिलची अक्षय तृतीया म्हणजे आमची दिवाळी. त्या एका दिवसाची चार कामं घेतली होती, चारही गेली. आगाऊ घेतलेले पैसे परत केले, किराणा भरलेला पडून आहे, अकरा माणसं गावी जाऊ शकली नाहीत ती गोदामातच राहून राहिली आहेत. रात्री झोप येत नाही. सकाळी कुणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र पाठवतं, खाली लिहिलेलं असतं की संकटात संधी शोधा. कुठे शोधू?

कुरडया, गच्ची, पोहे हे ज्यांचं पहिल्या तारखेला खातं भरतं त्यांना जमतं. तुमचं चुकलं असं म्हणत नाही. पण ‘सकारात्मक’ हा शब्द माझ्यासमोर काढू नका.

जास्वंद | दुपारी १.०२

दादा, तुमचं बरोबर आहे. लिहिलंत हे बरं केलंत.

ओटल्यावरचा | दुपारी १.१५

भिया, अकरा माणसांच्या जेवणाचं काय करून राहिलात? भरलेला किराणा किती आहे? मला निरोप पाठवा. आमच्या वॉर्डात शिजवलेल्या अन्नाची पाकिटं वाटणारी मुलं आहेत, त्यांना डाळ-तांदूळ मिळतो पण मोठ्या पातेल्यात शिजवणारा हात नाही.

पालापाचोळा | १६ एप्रिल, सकाळी १०.२०

मूळ प्रश्नाकडे येतो. बाबांना खताचं काम द्या. हे आपल्या गावचंच शास्त्र आहे आणि किती जणांना ठाऊक नसतं याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथेच त्यांची वनस्पती उद्योग संस्था होती. माळव्यातल्या शेतातल्या पऱ्हाट्या, पाला, तण, शेण, माती, राख यांचे थर देऊन, ओलावा राखून, ठरलेल्या दिवशी ढीग खालीवर करून तीन महिन्यांत खत तयार करायची रीत त्यांनी बसवली. त्यांच्याबरोबर रसायनाची बाजू सांभाळणारे यशवंत वाड होते. १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघालं आणि जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. आपल्याला इंदूर म्हणजे सराफ्यातली खाऊगल्ली आणि स्वच्छतेचा पहिला नंबर एवढंच आठवतं.

घरी करायला जुनी बादली पुरते. तळाला भोकं पाडा. खाली वाळका पाला (सध्या कडुनिंब-पिंपळाचा ढिगाने मिळेल), वर भाजीची सालं, वर मूठभर माती आणि दोन चमचे आंबट ताक. पाला ओल्या कचऱ्याच्या तिप्पट हवा. घाण वास आला तर ओल जास्त झाली समजा, पाला वाढवा. दर चार दिवसांनी खालीवर करा. दोन-तीन दिवसांनी मधोमध हात घातला तर ढीग ऊबदार लागतो. ती ऊब पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा माणूस हरखतो, मी सांगतो.

रामबागची_सून | १८ एप्रिल, रात्री ९.५०

तीन दिवसांचा हिशेब देते.

गच्ची : जिना चढले, चार फेऱ्या मारल्या, उतरताना गुडघा दुखला, दुसऱ्या दिवशी नको म्हणाले.

पोहे : वाफेवरचे केले, कागदावर दिले. खाल्ले. म्हणाले, "छान झालेत." मग थोड्या वेळाने, "तिघांचं काय चाललं असेल कोण जाणे." त्या तिघांपैकी दोघांचे फोन नंबर आमच्याकडे नाहीत. वीस वर्षं रोज भेटत होते, नंबराची गरजच पडली नाही.

खत : बादली भरली. बाबा रोज सकाळी झाकण उघडून बघतात. आज हात घातला आणि "अरे, तापलंय की" म्हणाले. तीन आठवड्यांत स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य. पालापाचोळा दादा, तुम्हाला नमस्कार. पण त्याला दहा मिनिटं लागतात. मग पुन्हा खुर्ची.

मोडीवाला | १९ एप्रिल, सकाळी ८.१५

घरात जुने कागद आहेत का? रामबागेतल्या बऱ्याच घरांत होळकरशाहीपासूनचे मोडीतले कागद ट्रंकेत असतात. मी या दिवसांत पणजोबांची एक हिशेबवही लावतो आहे. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत नेतात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते शोधावं लागतं. एका पानाला मला दोन दिवस लागतात. काल ‘तूप शेर ५’ लागलं आणि घरात पेढे वाटावे असं झालं.

रामबागची_सून | सकाळी ८.४०

मोडी त्यांच्या वडिलांना यायची, बाबांना नाही. शिवाय मोतीबिंदू. ऑपरेशन एप्रिलातच ठरलं होतं, ते लांबलं. वाचायचं काही चालणार नाही.

रात्रपाळी | २० एप्रिल, पहाटे ४.३०

मी परिचारिका आहे, कुठल्या रुग्णालयात ते लिहीत नाही. सलग ड्यूटी झाली की आम्हाला हॉटेलात ठेवतात, घरी जायला नाही. मुलगी पाच वर्षांची, आजीकडे.

ताई, एक गोष्ट बघा. बाबांचं जेवण, झोप कमी झालीय का? दोन आठवड्यांहून जास्त माणूस गप्प असेल, खाणं टाकत असेल, तर हा नुसता कंटाळा म्हणून सोडू नका, डॉक्टरांना फोनवर तरी सांगा. आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आजच मागवा, शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका.

बाकी, मला काय उभं ठेवतं विचाराल तर पहाटेच्या वेळी एक आजी हाक मारून विचारतात, "पोरी, चहा घेतलास का?" त्या ऑक्सिजनवर आहेत. मी रोज खरं उत्तर देते.

रामबागची_सून | सकाळी ९.०५

ताई, काय लिहू. जपा. डॉक्टरांना आजच फोन करते.

केटरर_भिया | २० एप्रिल, रात्री ११.१५

मी परत आलोय. त्या दिवशी तिखट लिहिलं, ते मागे घेत नाही, पण पुढचं सांगायला हवं.

ओटल्यावरच्या दादांनी फोन केला. गुरुवारपासून गोदामात शिजवून राहिलोय. माझा किराणा, त्यांच्या मुलांच्या गाड्या आणि पास, रोज चारशे पाकिटं. खिचडी, एक दिवसाआड पुरी-भाजी. पैसा एक येत नाही, जातोच आहे. धंद्याची काळजी तशीच आहे. पण माझ्या अकरा माणसांच्या तोंडावर रंग आला आणि मी चार रात्री झोपलो.

तुमच्या बाबांबद्दल सांगू? मला फोन येणं बंद झालं होतं. सीझनमध्ये दिवसाला साठ फोन येतात, मी वैतागतो. ते थांबले तेव्हा वाटलं, मी मेलो तरी कुणाचं काही अडणार नाही. आता सकाळी दहाला ती पोरं दारात येऊन उभी राहतात आणि पाकिटं तयार नसली तर चारशे माणसं उपाशी. बाबांचं तसंच असावं. ते पार्कात गेले नाहीत तर ठेल्यावर तिघं वाट बघायचे. खताची बादली कुणाची वाट बघत नाही. त्यांची वाट बघणारं कुणीतरी शोधा.

पालापाचोळा | २१ एप्रिल, सकाळी ६.५०

बादलीची बाजू घ्यायला आलो होतो, पण भियांचं म्हणणं पटलं.

जास्वंद | २१ एप्रिल, सकाळी ११.३०

रामबाग ताई, बाबा नोकरी काय करत होते?

रामबागची_सून | सकाळी ११.४५

कापड मिलच्या हिशेबखात्यात होते, मिल बंद पडेपर्यंत. थानांचे, वारांचे हिशेब सगळे तोंडी. अजून भाजीवाल्याला सव्वादोन किलोचे पैसे त्याच्या मोबाइलच्या आधी सांगतात. पावकी, दीडकी, औटकी सगळं पाठ आहे.

जास्वंद | दुपारी १२.०५

माझा मुलगा नऊ वर्षांचा. अपूर्णांक म्हटलं की रडतो. शाळेचे ऑनलाइन वर्ग म्हणजे गोंधळ. मला औटकी म्हणजे काय तेही माहीत नाही. बाबा त्याला फोनवर शिकवतील? व्हिडिओ नको, साधा फोन, स्पीकरवर. रोज सकाळी सात वाजता चालेल. माझी गरज आहे म्हणून विचारते आहे, तुमच्यासाठी म्हणून नाही.

जीरावन | दुपारी १२.२०

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन हातांचा देह म्हणतात ना, तोच औट. पावकी पावाची, निमकी अर्ध्याची, पाऊणकी पाऊणची, सवायकी, दीडकी, अडीचकी. आमच्या हिंदी शाळेत हेच पव्वा, अद्धा, पौना, सवैया, ड्योढ़ा, ढैया असं होतं आणि साडेतीनला हूंठा. आजोबा घरी मराठीत म्हणून घ्यायचे, गुरुजी शाळेत हिंदीत. छडी दोन्हीकडे सारखीच.

पूर्वी_इंदूरचा_आता_पुणेकर | दुपारी १२.४४

ताई, तिघा मित्रांपैकी ज्यांचा नंबर आहे त्यांच्याकडून बाकी दोघांचे मिळतील का बघा. माझे बाबाही सकाळी नेहरू पार्कात जायचे, पूर्वी स्टेशनजवळ राहायचो तेव्हा. मीही विचारतो त्यांना.

रामबागची_सून | २४ एप्रिल, सकाळी ८.२०

लिहायला उशीर झाला, कारण सकाळची वेळ आता फोनवर जाते.

मंगळवारी संध्याकाळी बाबांना सांगितलं की एका मुलाला पाढे यायला हवेत आणि शिकवणारं कुणी नाही. ऐकून गप्प. रात्री पाण्याला उठले तर मी जागी होते. अंधारात बोटं मोजत होते : तीन दीड साडेचार, चार दीड सहा. उजळणी चालली होती.

बुधवारी पावणेसातला बूट घालून बसले. मी म्हटलं, फोनवर शिकवायला बूट कशाला? म्हणाले, "मास्तर अनवाणी शिकवतो काय?" सातला फोन लागला. पहिल्या दिवशी मुलगा लाजला, दहा मिनिटांत संपलं. काल पाऊण तास. बाबा सांगत होते की अर्धा किलो साखर चाळीसला तर पाऊण किलो किती, आधी पावाचे काढ, मग तिप्पट कर. तो ओरडला, "साठ!" आणि बाबा इतक्या जोरात "शाब्बास" म्हणाले की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

डॉक्टरांनाही फोन केला होता. गोळी थोडी बदलली, झोप लागते आहे. रात्रपाळी ताई, तुमच्यामुळे.

जास्वंद | सकाळी ८.४१

इकडची बाजू : सात वाजता मुलगा अंघोळ करून, भांग पाडून बसतो. आजोबांना दिसत नाही हे त्याला माहीत आहे. तरी.

कुरडई | सकाळी ९.१०

माझ्या बहिणीच्या दोघी मुली घ्याल का वर्गात? फी म्हणून कुरडयांचा डबा, रस्ते उघडले की पोचवेन.

बडोद्याची_मावशी | सकाळी ९.३५

रामायण संपलं, आता उत्तर रामायण चालू आहे, आणि माझा नातू रिकामा आहे. बडोद्याहून चालेल?

केटरर_भिया | १२ मे, रात्री १०.४०

बऱ्याच दिवसांनी येतोय. आता बायपासवर आहोत. मुंबईकडून आग्रा रोडने माणसं चालत येऊन राहिली आहेत, उत्तर प्रदेशापर्यंत जायचंय म्हणतात. पोरं कडेवर, डोक्यावर बोचकी. खिचडी देतो, पाणी देतो. कित्येकांच्या पायात काही नाही. इंदूरची माणसं घरातल्या चपला आणून ढीग लावताहेत, ज्याला जी बसेल ती तो घेतो. आज एका बाईने माझ्याकडून दोन पाकिटं घेतली आणि एक परत केलं, "पीछे और लोग हैं" म्हणून.

धाग्यावर लिहिण्यासारखं आहे की नाही कळत नाही. लिहिल्याशिवाय राहवलं नाही. ज्यांच्याकडे जुने बूट-चपला आहेत त्यांनी ओटल्यावरच्या दादांना निरोप द्या.

रामबागची_सून | १३ मे, सकाळी ८.३०

भिया, काल रात्री बाबांना वाचून दाखवलं. ते उठले, कपाटातून नवे कोरे बूट काढले, मुलाने दिवाळीला आणलेले, पेटीसकट. म्हणाले, "पांढरे आहेत मला, हे पाठव. आठ नंबर." गल्ली परवाच उघडली आहे. कुणाला तरी पाठवा, मी दारात ठेवते.

वर्गात आता पाच मुलं आहेत, कॉन्फरन्स कॉल लावायला मी शिकले. पुणेकर दादांच्या बाबांकडून तिघांपैकी एकाचा नंबर मिळाला, ते बरे आहेत, आपल्या मुलीकडे आहेत. तिसऱ्यांचा अजून लागत नाही. बाबा रोज संध्याकाळी एकदा विचारतात.

जास्वंद | १३ मे, सकाळी ८.५५

आजचं सांगायचं राहिलं. औटकी सोळापर्यंत पोचली. मुलगा म्हणाला, "सोळा औट छप्पन." मग थांबून, "आजोबा, छप्पन म्हणजे छप्पन दुकान?" तिकडून बाबा म्हणाले, "तेच, आपली खाऊगल्ली. सुरू झालं की पहिले पोहे तुझे. पाचही जणांचे किती होतील ते काढून ठेव."

त्याने वहीत भाव लिहायला जागा सोडून हिशेब मांडून ठेवलाय.